कप्तानाचा ब्रश आणि आमचे कर्नल

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी वसाहत कर्नल म्हणते. ते कधीही सैन्यात नव्हते. प्लास्टिकच्या बादल्या, मग आणि टब बनवणाऱ्या कारखान्यात ते गोदाम सांभाळायचे आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी बादल्या मोजल्या. पण मिशी भरघोस, पाठ ताठ, आवाज खर्जातला. शिवाय कोणी साधी वेळ विचारली तरी आधी घसा साफ करायचा, जरा दूर कुठेतरी बघायचं आणि मग बोलायचं, ही सवय. शेजारी नवीन राहायला आलेल्या गृहस्थांनी एकदा विचारलं, "साहेब, आपण सैन्यात होता का?" भाऊजींनी घसा साफ केला, दूर पाहिलं आणि म्हणाले, "आता ते दिवस गेले."

तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नव्हतं. दिवस गेलेच होते, बादल्यांचे. ताईने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि लगेच मला फोन केला. "अगं, ह्यांना दिवस गेलेत," ती म्हणाली, "आणि कर्नल जन्माला आलाय."

हे सगळं मी मेहुणी म्हणून सांगते आहे, त्यामुळे थोडं तिखट सांगायचा मला हक्कच आहे. पण पदरचं काही घालत नाही. घालायची गरजच नाही, भाऊजींनी भरपूर घालून ठेवलंय.

निवृत्तीनंतर पहिले काही महिने त्यांनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. जे मोडलं नव्हतं तेही. मग एकदा जुन्या बाजारातून दाढीचा एक ब्रश घेऊन आले. मूठ शिंगाची, पिवळट काळी, आणि केस जवळजवळ सगळे झडलेले. ताईच्या दुधाच्या पातेल्यावर तो उलटा टांगून त्यांनी त्याला वाफ दिली, उरलेले केस आणि आतला जुना चिकटा कोरून काढला, मूठ बारीक पॉलिशपेपरने घासली, मेण लावलं आणि नवा केसांचा झुबका आणून आत बसवला. झुबका किती खोल बसवायचा यावर ब्रश मऊ होणार की ताठ राहणार हे ठरतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं.

आणि मला मान्य करायला जड जात असलं तरी सांगते, तो ब्रश सुंदर झाला होता. हातात घेतला की खाली ठेवावासा वाटेना. भाऊजींच्या हातात कसब होतं. आयुष्यभर बादल्या मोजल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही, त्यांनाही नाही. तिथेच थांबले असते तर मी आज त्यांचं कौतुक करत बसले असते.

पण थांबतील तर कर्नल कसले!

बाल्कनीचा कारखाना झाला. तिथे छोटं लेथ मशीन आलं. ताईच्या कुंड्या जिन्यात गेल्या. घरभर लाकडाचा भुसा, मेणाचा वास, आणि दुधाच्या पातेल्यातून इतके मेलेले केस वाफाळून निघाले की ताईने शेवटी ते पातेलं त्यांना बहाल केलं आणि स्वतःला नवीन आणलं. भाऊजी आता येणाऱ्याजाणाऱ्याला दाढी शिकवायला लागले. फेस कसा गोल फिरवून चढवावा, ब्रश दाबू नये, वाळवताना केस खाली करून टांगावा. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तर त्याच्या गालाकडे बघून म्हणाले, "फोमचा डबा वापरतोस ना? दिसतंय." तो बिचारा गाल चोळत जिना उतरला. प्लास्टिकच्या मुठीचा ब्रश तर त्यांना नजरेसमोर चालत नसे. ज्या माणसाचं घर प्लास्टिकवर उभं राहिलं तो प्लास्टिक म्हणताना असं तोंड करायचा, जणू पायाखाली काहीतरी आलंय.

गंमत म्हणजे ते स्वतः ब्रशाने दाढी करत नसत. कातडी नाजूक. ब्रश लागला की मानेवर पुरळ उठे. न्हाणीघराचं दार लावून, नळ जोरात सोडून ते विजेचं मशीन फिरवत. नळाच्या आवाजात मशीनचा आवाज बुडतो अशी त्यांची समजूत होती. तो आवाज थेट जिन्यात ऐकू यायचा.

पुढे काय झालं, तर जुन्या बाजारातले जुने ब्रश संपले. असे किती असणार? लोक ब्रश फेकून देतात, त्यांची वारसाहक्काने वाटणी करत नाहीत. मग भाऊजी लेथवर नव्या मुठी घडवायला लागले. जुन्या घाटाच्या, कमरेला बारीक, खाली जड, एखादीला पितळेचं कडं. यातही काही वावगं नव्हतं. नवा ब्रश, स्वतःच्या हाताने घडवलेला, असं सांगितलं असतं तर कोणी नको म्हटलं नसतं. पण नवं म्हणायची त्यांना लाज वाटली. ते त्या मुठी कडक चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायला लागले. बुटाचं पॉलिश लावून पुसायचे. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर पायजम्याच्या खिशात घालून फिरायचे, म्हणजे ओरखडे पडतात. आणि मग प्रत्येक ब्रशाबरोबर एक जाड कागदाचं कार्ड. हा एका निवृत्त न्यायाधीशांचा, फाशीच्या निकालाच्या सकाळी याच ब्रशाने दाढी केली. हा एका नाटक कंपनीच्या मालकाचा, हा एका हत्तीच्या शिकाऱ्याचा. कार्ड जुनं दिसावं म्हणून ते ताईच्या ओव्हनमध्ये भाजायचे.

"हत्तीच्या शिकाऱ्याला दाढी करायला वेळ कुठे मिळत होता?" मी एकदा विचारलं.

"मेहुणीबाई," भाऊजी दूर बघत म्हणाले, "मोठी माणसं आधी दाढी करतात."

ताई आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होती. तिने मरणाच्या दारातल्या माणसांशी खोटं बोलायचं कधी आणि खरं बोलायचं कधी हे शिकून घेतलेलं. नवऱ्याचं हे खोटं तिला त्या मानाने निरुपद्रवी वाटत असावं. "कोणाचं काही बिघडत नाही," ती म्हणायची. "घरात गुणगुणत असतात. बादल्यांच्या काळात कधी गुणगुणले नाहीत."

मग त्यांना भेटले दातांचे डॉक्टर. शहरात दाढीच्या जुन्या वस्तूंची हौस असलेल्या पुरुषांचं एक मंडळ होतं आणि डॉक्टर त्याचे अध्यक्ष. बुद्धीने बरी, पोटापाण्याने सुखी, वयाने वाढलेली माणसं. ही माणसं आपापल्या गालावरच्या फेसाचे फोटो काढून एकमेकांना पाठवत आणि "वा, काय पोत आहे!" असं लिहीत. मी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊजी तिथे गेले आणि मासा पाण्यात पडला. न्यायाधीशांचा ब्रश डॉक्टरांनी घेतला, शिकाऱ्याचा दुसऱ्या कोणी. सगळ्यांनी मिळून आमच्या कर्नलसाहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ते चढले, कारण शिडी ते घरूनच घेऊन गेले होते.

आता आमच्या बाबांचं सांगायला हवं. बाबा माझ्याकडे राहतात. छापखान्यात ते जुळारी होते. एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळी जुळवायचं काम. त्यांचा दाढीचा ब्रश आमच्या जन्माच्या आधीचा. छापखान्याच्या वार्षिक खेळांत रस्सीखेचीत त्यांचा संघ जिंकला, तेव्हा प्रत्येकाला एकेक मिळाला होता. बाबांना आयुष्यात मिळालेलं हे एकमेव बक्षीस. मूठ हस्तिदंती रंगाची, खालच्या कडेला एक खाच, आणि केस एका बाजूने झिजलेले, कारण बाबा नेहमी उजव्या गालापासून सुरुवात करतात.

भाऊजींची नजर त्या ब्रशावर बरेच दिवस होती. "बाबा, द्या, नवा करून देतो," ते म्हणायचे.

"चालतोय तो," बाबा म्हणायचे. "मीही चालतोय. दोघांनाही सोडा."

एक दिवस मी कामाला गेलेली, बाबा दुपारचे झोपलेले. भाऊजी भेटायला म्हणून आले, न्हाणीघरात गेले आणि निघून गेले. संध्याकाळी पाहिलं तर जुन्या ब्रशाच्या जागी एक नवा कोरा, चकचकीत ब्रश उभा होता. मी फोन केला तर म्हणाले, "तो पार कुजला होता. बाबांच्या तब्येतीला धोका होता. मी त्याची विल्हेवाट लावली."

मला संताप आला. बाबा मात्र दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभे राहून म्हणाले, "गालावरून मांजर फिरल्यासारखं वाटतं." आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मीही वाद वाढवला नाही. जावई आहेत, जाऊ दे.

त्यानंतर काही आठवड्यांनी मंडळाचं प्रदर्शन भरलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह घेतलं होतं. भाऊजींचा सत्कार होणार होता, शिवाय ते 'ब्रशांच्या मागची माणसं' या विषयावर बोलणार होते. सभागृह मोठं आणि मंडळ लहान, म्हणून त्यांनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं. बाबांनाही आणा, असं त्यांनी बजावून सांगितलं. माणूस स्वतःच्या खोट्यावर किती मनापासून विश्वास ठेवू शकतो याचा याहून मोठा पुरावा मला नको. चोरीचा माल मांडला होता आणि मालकाला आमंत्रण!

भाऊजींनी पितळी बटणांचा कोट घातला होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यावर ब्रश, वस्तरे, साबणाच्या लाकडी वाट्या. ताई पहिल्या रांगेत, शेजारी मी आणि बाबा. डॉक्टरांनी ओळख करून दिली, "कर्नलसाहेबांबद्दल मी काय सांगावं." खरंच, काय सांगणार होते! भाऊजींनी घसा साफ केला, बराच वेळ दूर पाहिलं आणि सुरुवात केली. न्यायाधीश झाले, शिकारी झाले, हत्तीही येऊन गेला. मग ते एका काचेच्या पेटीपाशी गेले. त्या पेटीवर वेगळा दिवा लावला होता.

"आणि हा," ते आवाज आणखी खाली नेत म्हणाले, "हा एका जहाजाच्या कप्तानाचा. खालच्या कडेला ही खाच दिसते? भर समुद्रात वादळ. जहाज कललं. कप्तान आरशासमोर उभे. ब्रश हातातून सुटून लोखंडी कठड्यावर आपटला. कप्तानांनी तो उचलला, दाढी पूर्ण केली, आणि मग वर जाऊन जहाज वाचवलं."

सभागृहात कोणीतरी "वा" म्हणालं.

बाबांना लांबचं नीट दिसत नाही. ते उठले, काठी टेकत पेटीपाशी गेले आणि वाकून बघायला लागले. मला वाटलं कुतूहल आहे. भाऊजी मात्र पहिल्यांदाच जवळ कुठेतरी बघायला लागले.

"बाबा, बसून घ्या," ते हळूच म्हणाले.

"हा माझा आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, सगळे जुने ब्रश सारखेच दिसतात."

"जावईबापू, ही खाच अक्रोडाची आहे."

डॉक्टर पुढे झाले. "कसली म्हणालात?"

"अक्रोडाची. माझ्या थोरलीने फोडला होता याने. तेव्हा तिचे पुढचे दात पडले होते, म्हणून दातांनी फुटत नव्हता. मी तिला चांगली रागावलो होतो." बाबांनी काठीने पहिल्या रांगेकडे खूण केली. "ती काय, तिथे बसलीय."

सगळ्या माना ताईकडे वळल्या. भाऊजींनीही तिच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. बुडणारा माणूस फळीकडे बघतो तशी. ताईने मूग गिळले असते तर कदाचित सगळं निभावलंही असतं, म्हातारा माणूस गोंधळला म्हणून. पण तिने बाबांकडे पाहिलं, ब्रशाकडे पाहिलं आणि उभी राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ते वादळ म्हणजे मीच."

मागच्या रांगेतून हसू सुरू झालं आणि पुढे आलं. कोणी खोकल्यात लपवलं, कोणी नाही. इथे एखादा दुसरा माणूस मुकाट्याने खाली बसला असता. आमच्या कर्नलांनी दोन्ही हात वर केले. "मित्रहो," ते म्हणाले, "आमचे सासरे फार विनयी आहेत. आज मी हे जाहीर करणार नव्हतो. पण ते कप्तान आज स्वतः आपल्यामध्ये आहेत."

आणि लोकांना, तुम्हाला सांगते, खरं नको असतं. कोणीतरी टाळी वाजवली. एक गृहस्थ तर ताठ उभे राहिले आणि त्यांनी बाबांना सलाम ठोकला. बाबा त्या दिव्याच्या उजेडात काठीवर रेलून उभे होते आणि, देवाशपथ, कप्तानासारखे दिसत होते. एवढा मान त्यांना जन्मात कोणी दिला नव्हता. ते काही बोलेनात. हा म्हातारा हो म्हणतोय की काय!

"मी छापखान्यात खिळे जुळवायचो," बाबा शेवटी म्हणाले. "जहाज सोडा, तळ्यातल्या होडीत बसलो तरी मला ओकारी होते. ब्रश मला रस्सीखेचीत मिळाला. बाइंडिंग खात्याला आम्ही फरफटत नेलं होतं. त्यांच्यात दोन पैलवान होते, तरीही."

यावर मात्र खरोखरच्या टाळ्या पडल्या.

डॉक्टरांनी स्वतः पेटी उघडून ब्रश बाबांच्या हातात दिला. बाबांनी अंगठा फिरवला. नवे मऊ केस, घासून चकचकीत केलेली मूठ. "माझे केस कुठे गेले?" त्यांनी विचारलं. मग टकलावरून हात फिरवत म्हणाले, "हेही गेले म्हणायचे." सत्कार झाला नाही. नारिंगी सरबताचे पेले मांडून ठेवले होते, ते आम्ही न पिताच निघालो.

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीपाशी बसले आणि बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर ताईने उरलेली कार्डं कांद्याच्या सालींबरोबर कचऱ्यात टाकली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. "ब्रश करा हवे तेवढे," ती म्हणाली. "पण माझ्या वडिलांची वस्तू न विचारता उचलून आणलीत, आणि मला सांगितलं की फेकून दिली. हे मी विसरणार नाही."

भाऊजींनी काय उत्तर दिलं माहीत आहे? "तुझ्या वडिलांनी एका चांगल्या वस्तूची गोष्ट मारून टाकली."

मला वाटलं होतं की प्रकरण इथेच संपेल, पण डॉक्टर एका रविवारी सकाळी ताईच्या घरी आले. मी तिथेच होते. भाऊजी आतल्या खोलीत जाऊन बसले. त्यांना वाटलं, ब्रश परत द्यायला आलेत, भांडायला आलेत. ताईने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. डॉक्टरांनी खिशातून न्यायाधीशांचा ब्रश काढून टेबलावर ठेवला.

"हा तुम्हीच घडवलाय ना? अगदी मुठीसकट?"

भाऊजी खिडकीबाहेर दूर बघायला लागले.

"मला आधीपासूनच शंका होती," डॉक्टर म्हणाले. "चहाचा वास येतो याला, ओला केला की. पण मी रोज हाच वापरतो. माझ्याकडे खरे जुने ब्रश पुष्कळ आहेत, पण एकही हातात असा बसत नाही. मला आणखी एक करून द्या. नवा. माझ्या हाताच्या मापाने. चहाबिहा नको, कार्ड नको. हवं तर खाली तुमचं नाव कोरा."

अहो, कुठल्या कारागिराच्या दारात असा माणूस येतो? फसवला गेलेला माणूस, फसवणूक बाजूला ठेवून, हाताची तारीफ करायला जिने चढून आला होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, हो म्हणा," ती म्हणाली.

भाऊजींनी घसा साफ केला. "डॉक्टर, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," ते म्हणाले. "मी जाणकार आहे. जुन्या वस्तू पारखतो. लेथवर लाकूड कातणं हे सुताराचं काम."

"पण हा तर तुम्ही..."

"तो ब्रश न्यायाधीशांचा आहे," भाऊजी म्हणाले, आणि उठून आत गेले.

डॉक्टर थोडा वेळ बसले. ताईने दिलेला चहा प्यायले आणि ब्रश पुन्हा खिशात घालून निघाले. दारात बूट घालताना ते म्हणाले, "वाईट वाटतं." ताई म्हणाली, "तुम्हाला एकदाच वाटलं. मला रोजचं आहे."

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "यांना कधी कळणार गं, आपल्याला काय येतं ते?"

"कळतं त्यांना. चांगलं कळतं," ताई कप विसळत म्हणाली. "पण त्यांना ते कमीपणाचं वाटतं. मग कळून काय उपयोग?"

लेथ त्यांनी विकून टाकलं. खेळणी बनवणारं एक जोडपं ते घेऊन गेलं. नेण्याआधी त्यातल्या बाईने चालवून बघितलं आणि तिची पटाशी सारखी अडकायला लागली. भाऊजींना ते बघवेना. पुढे होऊन त्यांनी तिचा कोपर वर उचलला, पटाशीचा कोन बदलला आणि एक लाकडी भोवरा तिच्यासमोर असा काही कातून दिला की लाकडाची पातळ साल न तुटता लांबच लांब सुटत आली. तेवढा वेळ ते घसा साफ न करता बोलत होते, आणि बघत होते ते हातातल्या लाकडाकडे.

"किती छान हात आहे तुमचा काका," ती बाई म्हणाली. "कुठे काम करत होता?"

भाऊजींनी हात पुसले. मिशीवरचा भुसा झटकला. ताई माझ्याकडे बघत होती, मी छताकडे.

"बाई," ते म्हणाले, "आमच्याकडे ही कामं नोकर करायचे."